फोटोत मेंढरं नकोत

आमच्या ग्रामपंचायतीत मी सदस्य आहे. बायकांसाठी राखीव जागा निघाली, ती आमच्या वस्तीला द्यायची ठरली, आणि माझ्याशी भांडायला कोणाला वेळ नव्हता म्हणून बिनविरोध निवडून आले. शाळा चौथीपर्यंत झालेली. गाव बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेजवळ आहे. नेमकं कोणत्या बाजूला ते लिहीत नाही. यातल्या माणसांना अजून नोकऱ्या करायच्या आहेत.

थंडीचे दिवस होते. महिन्याच्या मीटिंगला ग्रामसेविकेने एक आदेश वाचून दाखवला. प्रत्येक ग्रामपंचायतीने मोबाइलवर आपला ग्रुप काढायचा, फेसबुकवर पान काढायचं, आणि जे काम होईल त्याचा फोटो तिथे टाकायचा. फोटो नसेल तर काम झालं असं धरणार नाहीत. ग्रामसेविका नवीन होती, बारामतीहून स्कुटीवर यायची. हुशार मुलगी. वाचताना मध्येच थांबून आमच्या तोंडाकडे बघायची.

सरपंच म्हणाले, "म्हंजी दवंडी बंद?"

"बंद नाही हो. पण ग्रुपवर टाकलं की सगळ्यांना एकदम कळतं."

आमचा शिपाई दाराला टेकून उभा होता. गावात हलगी वाजवून दवंडी देणं त्याच्याकडेच. तो म्हणाला, "बरं झालं बाई. कुत्री माज्यामागं लागायची, आता तुमच्या मोबाइलमागं लागू द्या."

त्याच दिवशी ग्रुप निघाला. पहिला निरोप ग्रामसेविकेने टाकला, की हा शासकीय ग्रुप आहे, यावर शुभ सकाळ, देवांचे फोटो, वाढदिवस टाकू नयेत. त्याच्याखाली सगळ्यांनी तिला हात जोडले, अंगठे दाखवले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिघांनी शुभ सकाळ घातली. त्यात एक सरपंच होते.

माझ्याकडे बटणांचा फोन आहे. तो वाजतो आणि मी बोलते, त्याला तेवढंच येतं. म्हणून वस्तीचं काम माझ्या चुलत दिराच्या सुनेकडे दिलं. ती बारावी शिकलेली, माहेरहून मोठा फोन घेऊन आलेली. ग्रामसेविका तिला म्हणाली, "वस्तीवरचं जे काय असेल ते तू टाकायचंस." पोरीला आनंद झाला. लग्न होऊन आल्यापासून भाकरी थापण्याशिवाय तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

आता वस्तीचं सांगते. गावापासून लांब, माळावर, पंधरा-वीस घरं. आमच्या सासऱ्यांच्या वेळेपर्यंत सगळी मेंढरं राखायची. पाऊस सरला की बिऱ्हाड घोड्यावर टाकून निघायची ती आखाडाच्या तोंडाला परत. पुढे कॅनॉलखाली ऊस वाढला, कारखान्यात नोकऱ्या निघाल्या, पोरं तिकडे गेली. कोणी शेळगावला गॅरेज टाकलं, कोणी कळसला दूध गोळा करतो. मेंढरं एकाच घरात राहिली, ती या चुलत दिराची. सगळे त्याला आबा म्हणतात. मी भावजी म्हणते. तो माझ्या नवऱ्याहून धाकटा, पण आता सत्तरी ओलांडलेला. शंभराच्या आसपास मेंढरं होती.

त्याचे दोन्ही मुलगे कारखान्यावर नोकरीला, सुट्टीला तेवढे घरी. ते दर वर्षी त्याला मेंढरं विकायला सांगायचे. तो एकच उत्तर द्यायचा. "वस्तीवर पाणी हाय तवर विकायची न्हाईत. पाणी सरलं की मी मेंढरं घिऊन जाईन, आन् गेलो की परत यायचो न्हाय." मुलगे मान हलवायचे. म्हातारा कुठे जातोय, असं त्यांना वाटायचं. मला तसं वाटत नव्हतं. तो लहानपणापासून जे बोलला ते करत आला होता. त्यात बऱ्याच चुकाही केल्या होत्या.

वस्तीवर एक विहीर आहे. उन्हाळ्यात कोरडी पडते, मग सरकारी टँकर येऊन तिच्यात पाणी सोडतो. विहिरीला लागून दगडाची डोण आहे, जनावरांना पाणी पाजायची. एकाच दगडात कोरलेली, बैलगाडीएवढी लांब. आमच्यात रीत अशी, की विहिरीचं पहिलं पाणी डोणीत. मेंढरं पितात, मग माणसं भरतात. पोहरा होता तेव्हा पहिला पोहरा, मोटर आली तेव्हा पहिली धार. टँकर आला तेव्हा ड्रायव्हरला सांगावं लागलं. तो आधी कुरकुरला, नंतर आपणहूनच पाइप पहिल्यांदा डोणीत धरायला लागला. मेंढरांना टँकरचा आवाज ओळखू यायचा. टँकर वळणावर असतानाच ती उठून उभी राहायची.

त्या वर्षी शिमग्यानंतरच टँकर सुरू झाला. ग्रामसेविकेने ग्रुपवर टाकलं, की प्रत्येक खेपेला टँकर रिकामा होतानाचा फोटो पाहिजे. पहिली खेप आली त्या दिवशी सून लग्नातलं लुगडं नेसून आली. बाकीच्या बायकाही केस विंचरून आल्या. मी म्हटलं, "टँकर बघायला आलाय का नवरा बघायला?" एक म्हणाली, "आत्याबाई, फोटू तालुक्यापातूर जातोय. तुमीबी डोकं विंचरा."

फोटो काढायचा तर चांगला काढावा, असं सगळ्यांनी ठरवलं. आबाला म्हणाले, मेंढरं नीट ओळीत घ्या. त्याने घेतली. पटका बांधून, काठी टेकून डोणीच्या टोकाला उभा राहिला. मेंढरं एका रांगेत माना खाली घालून पितायत, मागे टँकर, टँकरवर गावाचं नाव, बाजूला हंडे घेऊन बायका. फोटो खरंच चांगला आला होता. माझ्याकडे बघायला फोन दिला तेव्हा मीही म्हटलं, की झ्याक आलाय.

वस्तीवर फोनला रेंज नाही. सून दगडांच्या ढिगावर चढली, हात वर करून उभी राहिली, तेव्हा कुठे फोटो गेला. खाली तिने लिहिलं होतं, "आमच्या वस्तीवर टँकर आला. सरकारचे आभार."

गावाच्या ग्रुपवर अंगठे आले. ग्रामसेविकेला फोटो आवडला म्हणून तिने तो पंचायतीच्या पानावर टाकला. तिथून तालुक्याच्या पानावर गेला. तिथे दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या माणसाने त्याखाली लिहिलं, की आमच्याकडे माणसांना हंडाभर पाणी नाही आणि इथे सरकारी टँकरवर मेंढरं पितात, याची चौकशी व्हावी. त्याच्याखाली आणखी लोकांनी लिहिलं. त्या माणसाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या दारात पाणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही. चौथ्या दिवशीही नाही. ग्रामसेविका स्कुटीवर आली, खाली बघत म्हणाली, "टँकर माणसांसाठी मंजूर आहे. खुलासा दिल्याशिवाय खेप सोडणार नाहीत."

बायकांनी सुनेला धरलं. "काय गं फोटूवाली, लुगडं परत नेस की. आता रिकाम्या हंड्यांचा काढ." सून माझ्या घरात येऊन रडली. मी म्हटलं, "रडून पाणी जातं, येत न्हाय. तो फोटू काढून टाक."

"काढला आत्या. पण लोकांनी आपापल्या फोनमध्ये ठिवलाय."

पाणी आणायला आता कॅनॉलखालच्या एका शेतकऱ्याच्या बोअरवर जावं लागायचं. आबा मेंढरं घेऊन आणखी लांब जायचा. परत यायला दिवस मावळायचा. जाताना मला हाक मारून म्हणायचा, "वैनी, तुमच्या पंचायतीला सांगा, पाणी सरलंय का सरवलंय, तेवढं कळू द्या. मग माझं मी बघतो."

गावच्या चावडीत मीटिंग झाली. दोघे-तिघे म्हणाले, की मेंढरांपायी अख्ख्या वस्तीला शिक्षा कशाला, आबांनी मेंढरं विकून टाकावीत. मी विचारलं, "तुमच्या जर्शी गाया कशावर पित्यात? नळाच्याच पाण्यावर ना? धुता बी त्याच पाण्यानं."

"ते निराळं, आक्का."

"काय निराळं?"

"त्यांचा फोटू न्हाय काढला कुणी," शिपाई दारातून म्हणाला. सगळे हसले. सरपंचसुद्धा.

मग मी ग्रामसेविकेबरोबर तालुक्याला गेले. टँकर मंजूर करणारा साहेब तरुण होता, वागायला चांगला. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. टेबलावरचा टीव्हीसारखा पडदा त्याने माझ्याकडे वळवला. त्यावर आमचा फोटो होता, मोठा केलेला. आबाच्या पायातली वहाण फाटलेली होती, तेही दिसत होतं.

"आजी, माझं मेंढरांशी वैर नाही," साहेब म्हणाला. "पण हे वर गेलंय. खाली लोकांनी काय काय लिहिलंय बघा. मला उत्तर द्यायचंय. तुम्ही एवढंच लिहून द्या, की मेंढरं चुकून आली."

"चुकून न्हाय आली. आमी बोलावली."

ग्रामसेविकेने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी तिला म्हटलं, "पाय काढ. सायबाला खरं काय ते कळू दे. सायेब, पहिलं पाणी जनावराचं, मग आमचं. रोज त्याच वेळेला टँकर येतो, रोज तसंच असतंय. फोटू काडला नव्हता तवाबी तसंच हुतं."

साहेबाने चहाचा कप बाजूला ठेवला. म्हणाला, "आजी, हे तुम्ही मला सांगितलंत, मी ऐकलं. आता हे लिहू नका म्हणजे झालं."

"मग काय लिहू?"

"ग्रामसेविका लिहितील. तुम्ही सही करा. आणि यापुढे फोटोत मेंढरं दिसली नाही पाहिजेत."

"दिसली न्हाई पायजेत का प्याली न्हाई पायजेत?"

त्याने पडदा आपल्याकडे फिरवला. "मी फोटोचं बोललो," म्हणाला.

ग्रामसेविकेने बाहेर बाकावर बसून खुलासा लिहिला. त्यात 'अनवधानाने' असा शब्द होता. मी अर्थ विचारला. ती म्हणाली, "लक्ष नसताना." मी म्हटलं, "लक्ष कुणाचं नव्हतं? सगळी नटून उभी हुती." पण वस्तीवर पाणी नव्हतं. सही केली. येताना स्टँडवर तिने मला उसाचा रस पाजला आणि म्हणाली, "आजी, मला वाटलं होतं फोटोचं कौतुक होईल." तिचंही खरं होतं.

टँकर परत सुरू झाला. आता पद्धत अशी बसली. टँकर यायच्या आधी आबाने मेंढरं घरामागे जाळीच्या कुंपणात कोंडायची. टँकर विहिरीत पाणी सोडणार, सून फोटो काढणार. मग ती ढिगावर चढून रेंज येईपर्यंत उभी. फोटो गेला की वरून ओरडायची, "गेला!" आणि मग आबा जाळी उघडायचा. टँकरचं पाणी मोटरला पुरायचं नाही, म्हणून विहिरीतून पोहऱ्याने शेंदून डोणीत ओतायचं. टँकर तर विहिरीत रिकामा झालेला असायचा.

मेंढरांना हे समजावणार कोण? टँकरचा आवाज आला की ती जाळीवर चढायला लागायची. नुसता कालवा. सून ढिगावर हात वर करून उभी, खाली बायका हंडे घेऊन उभ्या, कारण मेंढरांच्या आधी भरायचं कसं, आणि घरामागून मेंढरं ओरडतायत. कधी फोटो लगेच जायचा, कधी वाटेतच अडकून बसायचा. आम्ही सगळी माणसं एका पोरीच्या तोंडाकडे बघत उन्हात थांबायचो. टँकरचा ड्रायव्हर म्हणायचा, "आजी, पयलं बरं हुतं. मी पाइप धरायचो आन् जायचो."

एकदा जाळीचा एक खुंट निघाला. मेंढरं सुटली ती थेट डोणीवर. डोण कोरडी. ती तिच्यात उतरून दगड चाटायला लागली. सून फोटो काढणारच होती, तिने फोन खाली केला. आबाने काठी उगारली, आणि मेंढरांना मागे हाकायला लागला. पाण्यावरून मेंढरं हाकताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. दोन-चार काठ्या त्याने मारल्याही. मग थांबला आणि काठी टाकून खाली बसला.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला. मी ज्वारी निवडत होते.

"वैनी, तुमच्या बहिणीकडं, बारामतीच्या माळेगावला, ऊस तुटला आसंल ना?"

"तुटला आसंल. का?"

"रानात मेंढरं बसवायची आसत्याल त्यांना. कॅनॉल बी हाय तितं."

रिकाम्या रानात मेंढरं मुक्कामाला बसवली की लेंड्यांचं खत होतं, म्हणून शेतकरी आपणहून बोलावतात. मला कळलं तो काय म्हणतोय.

"चालणार हाय का तेवढं? गुडघं बघा की भावजी. घोडंबी इकलंय तुमी."

"टेम्पो सांगितलाय. मेंढरं चालत्याल, मी बसून जाईन. सायबागत."

"सुनंला सांगितलं का?"

"तिलाच टेम्पो सांगाया लावला. फोन हाय न्हवं तिच्याजवळ." मग म्हणाला, "तिला काय बोलू नका कुणी. पोरगीनं सांगितलं तेवढं केलं."

मी म्हटलं, "टँकर चालू हाय. पाणी सरलं कुठं? तुमी म्हणाला हुता, पाणी सरलं की जाईन."

"पाणी हाय. पर चोरून पाजायचं. माझ्या बापानं कुणाच्या बांधावर चोरून चारलं न्हाय, आन् मी सोताच्या डोणीत चोरून पाजू व्हय?"

मी बहिणीला फोन लावून दिला. जागा होती.

आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी तो गेला. मुलगे आदल्या दिवशी येऊन भांडून गेले होते. मेंढरं एका पुतण्याने चालवत नेली, आबा टेम्पोत पुढे बसला, मागे जाळी, खाट, भांडी, आणि टोपलीत नुकतीच झालेली कोकरं. माझ्याकडे बघून काठी वर केली. ड्रायव्हरने गाणी लावली होती. वस्तीवरच्या बायका थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग टँकर यायची वेळ झाली म्हणून हंडे आणायला गेल्या.

त्या दिवसापासून फोटो झटपट जायला लागला. म्हणजे रेंज तेवढीच होती, पण थांबायला कोणाला कारण राहिलं नाही. टँकर, विहीर, पाइप. सून लुगडं बदलत नाही, बायका फोटोत येत नाहीत. पानावर आमच्या वस्तीचे फोटो ओळीने आहेत, एकासारखा एक. साहेबाने ग्रामसेविकेला सांगितलं म्हणे, की असे फोटो पाहिजेत.

मेंढरं बारामतीकडेच राहिली. आबा दसऱ्याला एसटीने आला. अंगावर मूठभर मांस चढलं होतं, बहिणीच्या हातचं खाऊन. घरामागे जिथे जाळी असायची तिथे सुनेने मेथी लावली होती, ती बघितली. विहिरीकडे गेला आणि डोणीत हात फिरवला. आत पाला आणि माती साठली होती.

"डोण कोरडी ठिवली व्हय वैनी?"

"पितंय कोण?"

"कुत्री पित्याल, कावळं पित्याल. ती काय तुमच्या ग्रुपात हाईत, का त्यांचा खुलासा मागत्याल?"

दुसऱ्या दिवशी तो परत माळेगावला गेला. सुनेने डोण घासून काढली. मी सांगितलं नव्हतं.

या उन्हाळ्यात टँकर सुरू झाला तेव्हा सून पुढे झाली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "मामा, पाइप आधी डोणीत." तो हसला आणि धरला. डोण भरली, मग विहिरीत सोडलं. तिने फोटो काढला. त्यात टँकर होता, विहीर होती, आणि पुढे डोण, काठोकाठ. ढिगावर चढून तिने तो तसाच पाठवला.

संध्याकाळी माझा फोन वाजला. ग्रामसेविका होती.

"आजी, फोटोत ती दगडाची डोण दिसतेय. पाणी आहे तिच्यात."

"हाय."

"मेंढरं तर गेली ना? मग कशाला भरता? कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

"मेंढरं गेली म्हणून सांग."

"निदान फोटोपुरती बाजूला घेता येणार नाही का?"

मी म्हटलं, "एक दगड हाय तो. जिमिनीत निम्मा पुरलाय. माझ्या आज्जेसासऱ्यानं घातला, त्यालाबी परत हलवता आला नसता. तू ये, सायबालाबी आण, आन् बघा तुमच्यानं हलतोय का."

ती म्हणाली, बघते. अजून आली नाही. टँकर येतो, डोण भरते, सून फोटो पाठवते. परवा डोणीवर एक कुत्रं होतं. तेही फोटोत आलं.